ब्रेकचा लाल दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? ऑइल ओतण्याआधी एवढं बघा

मीटरमध्ये लाल गोल, त्यात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. हा दिवा लागला की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. बॉनेट उघडायचं, ब्रेक ऑइलच्या डबीत वरच्या रेघेपर्यंत ऑइल भरायचं, दिवा गेला की पैसे देऊन निघायचं. काही आठवड्यांनी दिवा परत हजर. पुन्हा थोडं ऑइल. असं करत लोक वर्ष काढतात आणि वर सांगतात, 'आमची गाडी ब्रेक ऑइल जरा जास्त खाते.'

कुठलीच गाडी ब्रेक ऑइल खात नाही. ते जळत नाही, उडून जात नाही. बंद नळ्यांमधून पेडलचा दाब चाकापर्यंत नेणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे डबीतली पातळी उतरली असेल तर ऑइल एक तर कुठून तरी गळालंय, नाहीतर पॅड (चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या पट्ट्या) झिजल्यामुळे डबीतून खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागात, उतरलंय. तिसरी शक्यता अशी की ऑइल जागच्या जागी आहे आणि दिवाच खोटं बोलतोय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. वरून ओतणं यातल्या एकाचाही उपाय नाही.

सगळ्यात आधी पेडल

कारण शोधायला बसण्याआधी गाडी जागेवरून हलवायची की नाही, ते ठरवा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा. बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपला की पेडल कडक होतं. आता पाय तसाच दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल जागेवर राहिलं तर ठीक. पायाखालून हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरची) आतली सील गेली आहे. सील गेली असेल तर डबीतली पातळी अजिबात कमी न होताही पेडल बसतं, म्हणून 'ऑइल तर भरलेलं आहे की' या बोलण्यात अर्थ नसतो. नंतर पेडल दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. तसं गेलं म्हणजे बूस्टर काम करतोय.

पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल, नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा तळाला टेकत असेल तर पुढचं काही वाचू नका. टोइंगवाल्याला फोन करा. 'हळू हळू नेतो गॅरेजपर्यंत' हा विचारही नको. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांत त्या बहुधा तिरक्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर, उरलेली दोन दुसरीवर. एक लाइन गेली तरी गाडी थांबते, पण पेडल खूप खोल जातं आणि थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. समोर रिक्षा आडवी आली की हा फरक कळतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

चालत्या गाडीत दिवा लागला आणि पेडल खाली गेलं, तर पेडल पटापट पंप करा, एकेक गिअर खाली उतरवा आणि हँडब्रेक बटण दाबून धरूनच थोडा थोडा ओढा. एकदम खेचला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

दिवा कोण पेटवतंय?

बहुतेक गाड्यांत हा एकच दिवा दोन ठिकाणांहून पेटतो: हँडब्रेकखालच्या स्विचमधून आणि ब्रेक ऑइलच्या डबीतल्या फ्लोटमधून (ऑइलवर तरंगणाऱ्या स्विचमधून). काही गाड्यांत हँडब्रेकसाठी 'पी' अक्षराचा वेगळा दिवा असतो. तसा असेल तर तुमचं अर्धं काम कंपनीनेच करून ठेवलंय.

एकच दिवा असेल तर सपाट जागी चाकांना पुढून-मागून विटा लावा, हँडब्रेक पूर्ण सोडा, इंजिन बंद आणि चावी ऑनवर ठेवा. डबीला जोडलेलं दोन वायरींचं छोटं सॉकेट लॉक दाबून काढा. दिवा विझला तर दोष डबीच्या बाजूला. तसाच राहिला तर सॉकेट परत बसवा आणि हँडब्रेकच्या स्विचची वायर काढून बघा. काही नव्या गाड्यांत सॉकेट काढलं की मीटर त्यालाच बिघाड समजून दिवा पेटवतं. तिथे ही युक्ती चालत नाही, स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावावा लागतो.

दिवा कधी लागतो याकडे नीट लक्ष दिलंत तर सॉकेट काढायचीही वेळ येत नाही. सपाट रस्त्यावर गायब, पण ताम्हिणी किंवा आंबा घाटातल्या वळणांवर लुकलुकतो, जोरात ब्रेक मारला की क्षणभर येतो, अशी लक्षणं असतील तर डबीतलं ऑइल खालच्या रेघेच्या अगदी जवळ आलंय आणि हिंदकळल्यावर फ्लोट खाली बसतोय. वळणाचा संबंध नाही, पण खड्ड्यात आदळली की दिवा येतो-जातो, तर आधी हँडब्रेकचा स्विच बघा. पावसाळ्यात सकाळी दिवा असतो आणि गाडी तापल्यावर जातो, किंवा प्रेशरने इंजिन धुऊन आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी लागला, तर डबीच्या सॉकेटमध्ये ओल गेली असण्याची शक्यता मोठी. सॉकेट काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, पिना हिरव्या पडल्या असतील तर सॉकेट बदला.

हँडब्रेकचं प्रकरण लवकर आटोपतं. लिव्हर पूर्ण खाली असताना हाताने आणखी खाली दाबून बघा. दिवा गेला तर स्विच नीट दाबला जात नाहीये. कव्हर काढलं की लिव्हरच्या बुडाशी छोटा प्लंजर दिसतो. त्याची पट्टी वाकलेली असते, स्प्रिंग मेलेली असते, किंवा खाली नाणी, चॉकलेटचे कागद आणि शेंगांची टरफलं यांचा खजिना साचून लिव्हर पूर्ण बसतच नाही. (लहान मुलं बसतात त्या गाडीत हे हमखास.) केबल गंजून अडकली असेल तर प्रश्न दिव्यापुरता नाही. मागचे शू (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणाऱ्या पट्ट्या) ड्रमला घासत राहतात, चाक तापतं, ॲव्हरेज पडतं. थोडं अंतर चालवून मागच्या चाकांच्या रिमजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा ठळक गरम असेल तर ते अडकतंय. पावसात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना वीट लावणं चांगलं.

पातळी खाली गेली आहे: झीज की गळती?

डबी अर्धपारदर्शक असते. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की पातळी दिसते. झाकण उघडायची गरज नाही, आणि विनाकारण उघडूही नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं.

पातळी वरच्या-खालच्या रेघांच्या मधे असूनही दिवा असेल तर बोटाने डबीवर टिचकी मारा. दिवा गेला तर फ्लोट गाळाने चिकटलाय. ज्या गाड्यांत फ्लोट झाकणाला लटकतो, तिथे झाकण काढून फ्लोट हाताने वर-खाली करता येतो: वर केला की दिवा विझला पाहिजे, सोडला की पेटला पाहिजे. तसं होत नसेल तर झाकण बदला.

पातळी खरंच खाली असेल तर पुढे ऑइलची बाटली न उघडता पॅड बघा. यामागचा हिशेब एकदा समजून घेतला की टॉप-अपची सवय आपोआप सुटते.

पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५० मिमी व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. एका चाकातले दोन्ही पॅड प्रत्येकी ८ मिमी झिजले, तर फ्लोटिंग (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरमध्ये एकच पिस्टन दोघांची झीज भरून काढतो, म्हणजे तो १६ मिमी बाहेर येतो. त्याच्या मागे जी पोकळी झाली त्यात सुमारे ३१ मिली ऑइल गेलं. दोन चाकांचं मिळून ६३ मिली. हे सगळं डबीतूनच आलं. डबी केवढी करायची हे ठरवताना पॅड नवे असल्यापासून पूर्ण झिजेपर्यंत लागणारं हे ऑइल आधीच धरलेलं असतं. म्हणून नव्या पॅडच्या वेळी वरच्या रेघेला असलेली पातळी, मधे कोणी हात लावला नाही तर, पॅड संपत आले की खालच्या रेघेपाशी येते. लाल दिवा तेव्हा बरोब्बर वेळेवर सांगत असतो की पॅड बघा.

दर सर्व्हिसिंगला 'टॉप-अप ब्रेक ऑइल' म्हणून बिलात एक ओळ येते, ती हा इशाराच पुसून टाकते. पॅड संपतात, दिवा लागत नाही, आणि पहिली बातमी चाकातून येणाऱ्या करकर आवाजाने कळते. वर आणखी एक घोळ: नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ६३ मिली ऑइल डबीत परत येतं आणि आधीच भरलेली डबी ओसंडते. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

पॅडची जाडी अलॉय चाक असेल तर आऱ्यांमधून टॉर्चने दिसते. मागची लोखंडी पट्टी सोडून नुसतं मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं असेल तर बदला. मात्र बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या पिना सुकल्या असतील तर आतला पॅड आधी संपतो, म्हणून चाक काढून दोन्ही बघितलेले बरे. पॅड संपले असतील तर तुमचं निदान झालं. पॅड बदला, पिनांना त्यांचंच ग्रीस लावा, पातळी आपली आपण वर येईल. हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल आणि मागेही डिस्क असेल तर मागचे पॅड स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय काढू नका. पिस्टन जबरदस्तीने दाबला तर मोटर खराब होते.

पॅड चांगले जाड आहेत आणि तरी पातळी खाली? मग गळती. एक साधी गोष्ट करा. गाडी सपाट जागी, थंड असताना डबीवर मार्करने पातळीची बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रोज त्याच जागी बघा. पॅडच्या झिजेने होणारा फरक महिनोन्‌महिने डोळ्यांना जाणवत नाही. आठवडाभरातच रेघ आणि ऑइल यांच्यात अंतर दिसलं, तर ते बाहेर जातंय, आणि गाडी त्याच दिवशी दुरुस्तीला गेली पाहिजे.

गळती लपते कुठे

पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅकमध्ये पहिला संशय मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरवर (शू ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरवर) घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या मागच्या टायरची आतली बाजू बघा. ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर बोट लावा: पाणी असेल तर सुकतं, ब्रेक ऑइल बुळबुळीत राहतं. (एसीचं पाणी पुढे ठिबकतं, त्याला घाबरू नका.) ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचं रबरी टोपण जरासं उचकून बघायचं. आत किंचित दमटपणा चालतो, थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. ऑइलने भिजलेले शू पेट्रोलने धुऊन परत बसवणारे मेकॅनिक अजून आहेत. तसं करू देऊ नका. मटेरियलमध्ये ऑइल मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. शू दोन्ही बाजूंचे नवे घाला.

कोकण-गोव्याच्या गाड्यांत आणखी एक जागा बघायची: तळाखालून मागे जाणारी लोखंडी ब्रेक पाइप. खाऱ्या हवेत ती क्लिपांच्या खाली गंजते. क्लिपमध्ये चिखल अडकून राहतो, आणि वरून पाइप धड दिसत असताना तिथे बारीक भोक पडलेलं असतं. चाकाजवळच्या रबरी नळ्या वाकवून बघा. तडे असतील तर बदला.

ज्यांची गळती कोणालाच सापडत नाही, त्यांच्या बाबतीत दोन जागा मी नेहमी सुचवतो.

पहिली, क्लच. हायड्रॉलिक क्लच असलेल्या अनेक गाड्यांत क्लचसाठी वेगळी डबी नसते. ब्रेकच्याच डबीतून एक नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरला जाते. क्लचचा सिलिंडर गळतो आणि दिवा मात्र ब्रेकचा लागतो. मग चारही चाकं उघडून होतात, सगळं कोरडं, आणि मालकाला सांगितलं जातं, 'काही नाही, सेन्सर खराब आहे.' क्लचची नळी डबीच्या वरच्या भागात जोडलेली असते, त्यामुळे तिथून गळून गळून पातळी त्या नळीपर्यंत उतरते, ब्रेकसाठीचं खालचं ऑइल शाबूत राहतं. क्लच पेडल सैल लागतंय का, गिअर टाकताना खरखर होतेय का, ते बघा. क्लच पेडलच्या वरच्या बाजूला हात घाला, मॅटखालचं कारपेट चाचपा. तिथे कोरडं असेल तर गिअरबॉक्सच्या जोडाखाली बघा. काही गाड्यांत खालचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आतच असतो, तेव्हा बाहेर फक्त खालून एखादा थेंब येतो.

दुसरी जागा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधली. मागची सील गेली की ऑइल जमिनीवर पडतच नाही, सरळ बूस्टरच्या पोटात जातं. खाली डाग नाही, चाकं कोरडी, पातळी मात्र उतरतेय. बूस्टरच्या डब्याचा रंग मास्टर सिलिंडरच्या खाली फुगलाय किंवा सोललाय का बघा. खात्री करायची तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो जरा पुढे ओढायचा. मागे ओल दिसली की निकाल लागला.

पिवळा दिवाही सोबत असेल तर

लाल दिव्याबरोबर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवाही लागला तर डबी आणि हँडब्रेक बघून झाल्यावर मोर्चा एबीएसकडे वळवा. दोन्ही एकदम लागणं म्हणजे बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी बंद पडल्याची खूण असते. साधे ब्रेक लागतात, पण जोरात मारले तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा हा प्रकार आता छोट्या गाड्यांतही दिसतो. कारण बऱ्याचदा चाकाजवळच्या स्पीड सेन्सरची वायर असते: उंदराने कुरतडलेली, जॅक लावताना ओढली गेलेली, किंवा सॉकेटमध्ये चिखल. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा आला असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का विचारा. त्याच्या एका बाजूला चुंबकी रिंग असते आणि ती सेन्सरकडेच हवी. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीला जोडून मोबाइलवर कोड दाखवणारी छोटी यंत्रं) बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जा.

बॅटरीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा जोडीने लागत असतील तर ब्रेकला हात लावू नका. काही गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बिघडला की दोन्ही दिवे एकदम येतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

ऑइल भरायचंच असेल तेव्हा

दुरुस्ती झाल्यावर झाकणावर लिहिलेल्याच दर्जाचं (डॉट ३, डॉट ४ वगैरे) ऑइल घ्या, सीलबंद डब्यातलं. गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली बाटली नको. डॉट ३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओल शोषलेल्या ऑइलसाठी तो १४० वर धरतात. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरलात की जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून पातळी बरोबर असली तरी दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलून ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं) करून घ्या; बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर असंच दिलेलं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३-४ मध्ये मिसळू नका. आणि चुकून कोणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर गाडी अजिबात चालवू नका. सगळी रबरं फुगतात. झाकणाच्या आतला रबरी पडदा सुजून बसेनासा झाला असेल तर हेच घडलंय, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक वेगळी तपासणी. चावी ऑन केल्यावर हा दिवा काही सेकंद तरी पेटलाच पाहिजे, आणि हँडब्रेक ओढला की पुन्हा. चावी ऑन करूनही पेटत नसेल तर कोणीतरी बल्ब काढलाय किंवा मीटरमध्ये हात घातलाय. हँडब्रेकला पेटतो पण डबीचं सॉकेट काढून टेप गुंडाळून ठेवलंय, असंही सापडतं, म्हणून बॉनेट उघडून तेवढं सॉकेट जागेवर आहे का बघा. तसं दिसलं तर भाव ठरवण्याआधी चारही चाकं उघडून दाखवायला सांगा. विक्रेता 'त्याची काय गरज' म्हणाला तर दुसरी गाडी बघा.